बारीपर्यंत

खोटं तुम्ही लिहिलंत. जीवराम उखर्डू देवळाआड लपून बसला असं तुम्ही लिहिलंत, खाली सही केलीत, सहीवर गोल शिक्का मारलात आणि जीपमध्ये बसून धुळ्याला जेवायला निघून गेलात. दौडीच्या त्या दिवशी जो माणूस सगळ्यांपेक्षा तीन मैल जास्त धावला, नेमका त्याच्याच नावापुढं 'मार्ग पुरा केला नाही, अपात्र' असा शेरा तुम्ही मारलात. या गोष्टीला बारा वर्षं झाली. तुमच्यातले काही बदलून गेले असतील, काही पेन्शनीत निघाले असतील. पण खुर्ची तीच आहे. तेव्हा हे खुर्चीलाच ऐकवायचं आहे. ऐका.

गुरुवारी दुपारी जळगावात इंदरचंदशेटांच्या कापड दुकानात जीवराम गठ्ठा फोडत होता. हे त्याचं नेहमीचं काम. मालधक्क्यावरून गठ्ठे आणायचे, सुतळ्या कापायच्या, तागे रचायचे. हातगाडीच्या पुढं तो चालायचा आणि गाडी ओढणारा वना मागून ओरडायचा, ''अरे भो, गाडीले चाकं आहेत, पंख नाहीत!'' जीवरामला हळू चालता येत नसे. दहा वर्षं तो जळगावात होता आणि दहा वर्षं कुणीतरी मागं लागल्यासारखा चालत होता. तर त्या दुपारी धुळ्याहून लाल फितींची मागणी आली होती. दौडीतल्या धावणाऱ्यांच्या छातीला लावायच्या फिती, दोनशे. मागणीबरोबर एक छापील पत्रक होतं. शेटांनी चष्मा नाकावर ओढला आणि त्यांना सवयच होती, हातात कागद आला की मोठ्यानं वाचायचा. ''सुणो, सुणो. 'बारा वर्षांच्या खंडानंतर प्राचीन वास्तूंच्या सान्निध्यात ऐतिहासिक दौड.' वा! आणि हे बघा, 'पहिल्या दौडीत एक विनोदी प्रसंग घडला होता. धावण्याचा कंटाळा आलेला एक ग्रामीण स्पर्धक हेमाडपंती देवळाच्या आड लपून बसला व शर्यत संपता संपता हळूच बाहेर येऊन इतरांत मिसळला.' हॅ हॅ! काय अक्कल आहे पठ्ठ्याची!'' वना गाडीच्या दांडीवर बसून पोट धरून हसला. ''जीवराम भो, हे तं तुमच्या साक्रीकडलं दिसतं. ओळखतो का रे त्या लपन्याला?'' आणि जीवराम हसला. हे नीट ध्यानात घ्या. तो चिडला नाही, रडला नाही, पत्रक फाडलं नाही. तो हसला. सगळे हसतात तेव्हा माणूस हसतो तसा, दात दाखवून, मान हलवून. हातातली कात्री सुतळीत अडकली होती, ती त्यानं ओढून काढली आणि त्याला आपलं हसणं ऐकू आलं. दुसऱ्याच कुणाचं तरी, शेजारच्या खोलीतून यावं तसं. मग त्याच्या उजव्या पोटरीत काहीतरी उडायला लागलं. कातडीखाली बेडूक असावा तसं. संध्याकाळपर्यंत त्यानं त्या दोनशे फिती कापल्या, तरी ते थांबलं नाही.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं तो धुळ्याला निघाला. शेटांना सांगितलं, घरचं काम आहे. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. गाडीत तो खिडकीपाशी बसला होता आणि पाय समोरच्या सीटच्या लोखंडाला सारखे लागत होते. समोरच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं. त्यानं पाय आवळून धरले. गाडी धावते आणि माणूस बसून असतो, हे त्याला कधीच पटलं नव्हतं. लपन्या. हा शब्द मागं टाकायला त्यानं साक्रीच्या पलीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं आपलं गाव सोडलं होतं. दौडीनंतर आठ दिवसांत गावच्या तोंडी तो शब्द बसला. विहिरीवर लपन्या, बाजारात लपन्या, लग्नाच्या पंगतीत ''लपन्याला वाढा रे, नाहीतर खांबाआड जाऊन बसेल.'' दोन वर्षं त्यानं ऐकून घेतलं आणि मग एके दिवशी जळगावची गाडी धरली. तिथं तो नुसता जीवराम होता. साक्रीवाला जीवराम. बायको असोद्याची, तिलाही त्यानं दौडीबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. आता तो शब्द छापून, घडी घालून, लाल फितींच्या मागणीबरोबर त्याच्या मागं जळगावात आला होता. परवा रविवारी दौड. पत्रकं दोनशे का दोन हजार, देव जाणे. रविवारी ती वाटली गेली की संपलं. मग कुणाला काय सांगणार? छापलेलं खोडता येत नाही. पण रविवारच्या आत येतं. आता त्याला एवढंच हवं होतं. ती ओळ काढा. नाव नको, सत्कार नको, फीत नको. ती एक ओळ काढा.

आणि तुम्हाला एक सांगायला हवं, जे जीवराम स्वतः कुणाला सांगणार नाही. बारा वर्षांत त्याला लपल्याची आठवण यायला लागली आहे. खरंच. देवळाच्या मागल्या बाजूची गार सावली. वटवाघळांचा तो आंबूस, कुबट वास. कोसळलेल्या खांबावर कोरलेला हत्ती, त्याला सोंड नाही. त्या हत्तीला पाठ टेकून आपण बसलो आहोत, श्वास रोखून, आणि समोरून धावणाऱ्यांच्या पायांचा धप धप आवाज जातो आहे. हे त्याला दिसतं, ऐकू येतं. लहानपणी त्या देवळात तो लपाछपी खेळला होता, तीच ही आठवण असणार, हे त्याला कळतं. पण कळून काय उपयोग? लपाछपीत धप धप पाय नव्हते. ते पाय कुठून आले? धावल्याची आठवण दरसाल पुसट होत चालली आणि कधी न घडलेल्या लपण्याची ठळक होत चालली. एखाद्या माणसाची जमीन दाबली तर तो कोर्टात जातो. तुम्ही त्याचं आठवणं दाबलंत. त्यानं कुठं जावं? म्हणून तो रोज एक काम करतो. सकाळी पाय धुताना उजवा पाय उलटा करून तळवा बघतो. टाचेच्या पुढं, आडवा, बोटभर लांबीचा वण. तो वण देवळापाशी झालेला नाही. देवळापाशी माती आहे. तो बारीतला आहे.

कारण बारीत खडक आहे. गावच्या वर डोंगराला जी खाच पडली आहे ती बारी. शेकडो वर्षं तिथून बैल उतरले, तांडे उतरले, समुद्राकडचा माल वर आला आणि वरचा माल खाली गेला. चाकांनी खडकात ढोपरभर खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. खालून येताना आधी नदीचं वाळवंट लागतं, मग दगडी बारव, मग वीरगळांची रांग. तलवार उपसलेले, नाकं झिजलेले ते दगडी मेलेले वीर. मग देऊळ, मग पडक्या किल्ल्याची भिंत, आणि त्यापुढं दीड मैल चढ चढून बारी. बासष्ट सालच्या जानेवारीत तुमचा माणूस दौडीचा मार्ग ठरवायला गावात आला, तेव्हा त्यानं चावडीवर विचारलं होतं, पोरांना कुठवर पळवायचं? आणि जीवरामच्या बापानं, उखर्डूआबानं, विडी विझवत सांगितलं होतं, ''देऊळवरतीन नेवाना, बारीलोंग. तठून माघारी.'' बारीपर्यंत. तुमच्या माणसानं तेच लिहून घेतलं. छापील मार्गपत्रकात तेच आलं, 'देवळावरून बारीपर्यंत जाऊन वळावे. वळणाच्या जागी टेबल असेल. तेथे फितीवर शिक्का घ्यावा.' जीवरामनं ते पत्रक दहादा वाचलं होतं. त्यात न कळण्यासारखं काय होतं? बारी काय त्याला नवी होती?

तो अनवाणी धावला. नदीच्या वाळूतच त्यानं बाकीच्यांना मागं टाकलं. शहरातली, कॉलेजातली पोरं बूट घालून आली होती आणि वाळू बुटात जात होती. बारवेपाशी त्यानं मागं पाहिलं तर कुणी नाही. वीरगळांच्या रांगेतून जाताना त्याला वाटलं, हे सगळे उठून आपल्याबरोबर धावतील. छातीत कळ नव्हती, पायांत ओझं नव्हतं. तसं पुन्हा कधी झालं नाही. देऊळ डाव्या हाताला गेलं. भिंत गेली. त्या भिंतीला एक कोरीव दगडी खिडकी आहे, पलीकडं नुसतं आभाळ दिसतं, ती गेली. तिथं कुणी नव्हतं. टेबल नव्हतं, माणूस नव्हता, साधा बांबू रोवलेला नव्हता. तुमची जीप तेव्हा नदीच्या वाळूत रुतली होती, हे त्याला नंतर कळलं. त्याला तिथं टेबल असण्याचं कारणच वाटलं नाही. टेबल बारीत असणार. तो चढाला लागला. चाकोरीतून धावताना पाय सटकला आणि खडकाच्या धारेनं तळवा कापला. तरी थांबला नाही. वर बारीत पोचला तर तिथंही टेबल नाही. फक्त वारा. आणि ताईबाई. शेळ्या घेऊन बसलेली म्हातारी, गावातलीच, अर्धी बहिरी.

''कोठे पळी ऱ्हायना रे भाऊ? मांगे वाघ लागना का?''

''शर्यत शे, अक्का! आठे कोणी साहेब उना का?''

''साहेब? आठे शेळ्या उन्यात बठ्ठ्या. साहेब नही उना.'' साहेब कुणी आलाच नव्हता. तिनं भोपळ्यातलं पाणी पुढं केलं. त्याच्या पायाकडं पाहिलं. ''रगत शे रे. बस जराखा.''

''बसता नही येत. अक्का, हाईच बारी ना?'' त्यानं विचारलं. जन्म तिथं गेलेल्या माणसानं विचारलं! शंका माणसाला अशी धरते.

म्हातारी हसली. तिला दोनच दात होते. ''हाईच बारी शे. दुसरी कोठून लयसी तू?''

खरंच, दुसरी बारी आणणार कुठून? पाण्याचा घोट घेऊन, चाकोरीच्या दगडाला हात लावून तो फिरला. उतारावर त्याला खाली धूळ दिसली, माणसं दिसली. भिंतीपाशी टेबल होतं! त्यावर पांढरी चादर होती आणि मार्ग ठरवायला आलेला तुमचा तोच माणूस टोपीनं वारा घेत शाईचा डबा मिटत होता. सगळे धावणारे शिक्का घेऊन कधीच परत फिरले होते. जीवराम डोंगराकडून खाली येतोय हे पाहून तो माणूस उठून उभा राहिला. त्यानं पाहिलं. आपल्या डोळ्यांनी पाहिलं, हे लिहून ठेवा. जीवराम ओरडला, ''साहेब, शिक्का! मी बारीला जाऊन आलो!'' आणि तो माणूस दगडी खिडकीच्या चौकटीवर थाप मारून म्हणाला, ''अरे बारी तर ही! आम्ही बारीतच बसलोय.'' मग म्हणाला, ''शिक्का जाताना मारायचा असतो. तू तिकडून येतोयस.'' जीवरामला वाटलं, हा आपली थट्टा करतोय. खिडकीत बसून म्हणतोय बारीत बसलोय. भांडायला वेळ नव्हता. तो उरलेलं धावला. अकरा मैल धावून आठ मैलवाल्यांत सातवा आला. कोऱ्या फितीनं. तुम्ही विचारलंत, शिक्का कुठाय? टेबलावरच्या माणसाला विचारलंत, हा आला होता का? त्या माणसानं जमिनीकडं पाहिलं आणि म्हणाला, जाताना तर दिसला नाही. हे खरंच होतं. येताना दिसला, हे त्यानं गिळलं. मग तुमच्यातलाच कुणीतरी हसत म्हणाला, देवळामागं बसला असेल सावलीत. तेवढ्यावर लिहिलंत. तेवढ्यावर! ताईबाईला कुणी विचारलं नाही. आणि उखर्डूआबानं, ज्यानं स्वतः बारी सांगितली होती त्या माणसानं, तो कागद कुणाकडून तरी वाचून घेतला आणि पोराला म्हणाला, ''शिक्का शे रे त्यावर.'' पुढं सहा वर्षं जगला, पण त्या विषयावर बोलला नाही. शिक्का खोटा असतो हे त्याच्या डोक्यात मावलंच नाही.

धुळ्याच्या तुमच्या कचेरीत शुक्रवारी दहापासून जीवराम अर्ज घेऊन रांगेत होता. तीन खिडक्या, एका खिडकीपुढं रांग. पायाखाली शहाबादी फरशी, तिच्या गार स्पर्शानं वण ठुसठुसत होता. पुढं अकरा माणसं, मग आठ, मग पाच. रांगेत उभं राहणं म्हणजे त्याला शिक्षा. तो या पायावरून त्या पायावर झुलत होता. मागं उभा असलेला पागोट्यातला म्हातारा, साक्रीकडचाच, तोताराम नावाचा, म्हणाला, ''भाऊ, घोडा बांधेल शे का बाहेर? उभा ऱ्हाय ना जराखा.'' रांगेतली दोघं-तिघं हसली. जीवराम नाही हसला. कालचं हसणं अजून त्याच्या दातांत अडकलं होतं. अकरा वाजून गेल्यावर तो जाळीपाशी पोचला. आतला कारकून, बन्सीलाल, सुपारी चघळत होता. वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्जाच्या दोन ओळी वाचल्या आणि परत सरकवला.

''ही बारी नाही तुमची. तक्रार त्या बारीवर द्या.''

''काय म्हणालात?''

''त्या बारीवर. कोपऱ्यातल्या.''

''बारी?''

''खिडकी हो! आमच्या नवापूरकडं गुजरातीच्या नादानं खिडकीला बारी म्हणतात. जिभेला सवय. चला, मागचा येऊ द्या.''

जीवराम हलला नाही. जाळीचं लोखंड त्यानं दोन्ही हातांनी धरलं. समोर बन्सीलालचं तोंड हलत होतं, पण त्याला दिसत होती ती दगडी चौकट आणि तिच्यावर पडलेली थाप. अरे बारी तर ही. आम्ही बारीतच बसलोय. थट्टा नव्हती! तो माणूस खरंच बारीत बसला होता. त्याच्या बारीत. तोही नवापूरकडचाच असणार. बापानं सांगितली एक, त्यानं ऐकली दुसरी, आणि भिंतीला खिडकी होतीच, जीपही तिथवरच जात होती. बारा वर्षं जीवराम धरून चालला होता की कुणीतरी आपल्यावर डाव धरला. कॉलेजच्या पोराला पुढं काढायचं म्हणून टेबल हलवलं. त्या रागावर तो जगला होता. रागाला निदान तोंड होतं. आणि आता कळत होतं की डाव नव्हताच, एक शब्द होता, तीन अक्षरांचासुद्धा नाही. त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. शब्दाची चूक कुणाचीही होते. पण डोंगरावरून उतरणारा माणूस डोळ्यांनी बघून जो जमिनीकडं बघतो, ती शब्दाची चूक नव्हे.

''साहेब, तुमच्याकडं खिंडीला काय म्हणतात?''

''खिंडीला खिंड म्हणतात. घाट म्हणतात. अहो, मागं रांग आहे!''

''आमनाकडे बारी म्हंतस,'' मागून तोताराम म्हणाला. ''आखो काय म्हनतीन?''

''तुम्ही नवापूरला घरी कसे जाता?'' जीवरामनं विचारलं.

''एसटीनं. का?''

''कुठून?''

''साक्रीवरून, कोंडाईबारी उतरून...'' बन्सीलालची सुपारी थांबली. मग पुन्हा सुरू झाली. ''ते नाव आहे घाटाचं. नावाला काय अर्थ असतो?''

''मग रविवारचं मार्गपत्रक काढा.''

का कोण जाणे, त्यानं काढलं. जुन्या फायलीवरून उतरवून नवं टंकलेलं. त्यानंच वाचलं, '' 'देवळावरून बारीपर्यंत जाऊन वळावे.' '' आणि टेबल? ''जुनी टिपणी आहे ना, किल्ल्याच्या भिंतीजवळ. जीप तिथवरच जाते.'' हे बोलताना त्याचा आवाज उतरला. त्याला कळलं होतं. जीवरामनं चप्पल काढली आणि उजवा पाय खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तळवा वर करून. ''हा वण बारीतला आहे. त्यावर शिक्का मारा.'' रांग हसायला लागली. ''पाय खाली घ्या! कचेरी आहे ही!'' बन्सीलाल ओरडला. मग हळूच म्हणाला, ''भाऊ, पत्रकं छापून आलीत. शेऱ्यावर मोठ्या साहेबांची सही आहे. मी कारकून. माझ्या हातात काय आहे? पुरावा आणा. साक्षीदार आणा.''

''ताईबाई आहे. अजून बसते बारीत.''

''शेळ्यांवाली? तिची साक्ष कोण घेतं?''

जीवरामनं पाय खाली घेतला, चप्पल घातली. तोतारामला पुढं जाऊ दिलं. मग बाकीच्यांना. शेवटी रांग संपली. बन्सीलाल आत साहेबांच्या खोलीत गेला, बऱ्याच वेळानं आला, त्यानं जीवरामकडं पाहिलं नाही. जमिनीकडं पाहिलं.

आता ऐका, शेवटचं. परवा सकाळी सातला दौड सुटेल. दोनशे पोरांच्या छातीवर जीवरामनं कापलेल्या लाल फिती असतील. त्यांतलं एखादं डोंगराकडचं पोर वाळूतच सगळ्यांना मागं टाकेल. त्यानंही मार्गपत्रक दहादा वाचलेलं असेल. ते भिंतीपाशी थांबणार नाही. ते बारीत जाईल, कारण तुम्ही लिहिलंय बारीपर्यंत, आणि त्याला बारी ठाऊक आहे. मग त्यालाही देवळाआड बसवणार? शिक्का जाताना मारायचा असतो, येताना नाही, हे त्यालाही सांगणार? टेबल कुठं मांडताय? तुमच्या खिडकीपाशी, की बारीत? अर्जाची पोच नको, चौकशी चालू आहे हे नको. कचेरी सुटायच्या आत, तोंडानं, ऐकू येईल असं सांगा. जीवराम जाळीसमोर उभा आहे. आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्याचे पाय हलत नाहीत. बारी कुठं आहे?